गार इंजिन

आमची जुनी मारुती ८०० रोज सकाळी दीड-दोन मिनिटं खडखडायची आणि मग गप्प व्हायची. चोक ओढून चावी फिरवली की इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होई, पण त्याच्या पोटात कुणीतरी पत्र्याच्या डब्यात चार खिळे टाकून हलवतंय असं वाटे. दूधवाला थांबून बघायचा. गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत आवाज विरलेला असायचा आणि कॉलेजात पोचेपर्यंत मीही तो विसरलेला असायचो. सगळा हिवाळा असाच गेला.

गाडी १९९८ची, वडिलांनी घेतलेली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटर, चार गिअर. वडील गेल्यावर ती माझ्याकडे आली. २०१२ संपत आलं तेव्हा तिची पंधरा वर्षं भरायला थोडेच महिने उरले होते. नोंदणीचं नूतनीकरण, त्यासाठी आरटीओची तपासणी, या सगळ्याच्या आत ती विकून टाकावी असं घरात ठरलं. विकायच्या आधी तो आवाज एकदा बघून घेऊ, म्हणून मी ती शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे झालं त्यात या विषयाचा मला काडीचाही उपयोग झाला नाही.

मिस्त्रींनी पहिल्या दिवशी गाडीला हातच लावला नाही. "गरम हाय आता. रात्रभर हितंच ऱ्हाऊ द्या. गरम गाडी खरं सांगत न्हाई, सर." दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी चालत गेलो. बॉनेट उघडं ठेवून त्यांनी पोराला चावी फिरवायला सांगितली. आवाज सुरू झाला आणि ते नुसते उभे राहिले. दीड मिनिट. मग इंजिन बंद करून म्हणाले, आता उद्या.

त्यांची पद्धत लिहून ठेवण्यासारखी आहे. आवाज रोज एकदाच आणि दीडच मिनिट मिळायचा, त्यामुळं एका सकाळी एकच प्रश्न विचारता यायचा. पहिल्या सकाळी बाहेरच्या गोष्टी: बॅटरीची पट्टी, एअर फिल्टरचं झाकण, सायलेन्सरवरचा पत्रा. एकेक हातानं, फडक्यानं दाबून धरायचं. आवाज तसाच. दुसऱ्या सकाळी फॅनबेल्ट काढून अर्धा मिनिट इंजिन चालवलं. आवाज तसाच, म्हणजे अल्टरनेटर सुटला. तिसऱ्या सकाळी टॅपेट. व्हॉल्व्हच्या दांड्याच्या टोकाशी केसाएवढी फट ठेवावी लागते. झिजेनं ती वाढली की तिथं टकटक सुरू होते. मिस्त्रींनी फीलर गेजची पाती घालून सहाही व्हॉल्व्हच्या फटी लावल्या. वरची बारीक टकटक गेली. खडखड राहिली.

टॅपेटची टकटक आणि खालची खडखड त्यांना आधीच वेगळी ऐकू येत होती, मला येत नव्हती. त्यांनी समजावलं ते असं: इंजिनाचा मुख्य दांडा दोनदा फिरतो तेव्हा वरचा कॅमचा दांडा एकदा फिरतो. म्हणून वरचा आवाज खालच्याच्या निम्म्या चालीनं येतो. तबल्याचा कान असेल तर कळतं. माझा नाही. मग त्यांनी एक लांब स्क्रूड्रायव्हर दिला, टोक इंजिनाच्या अंगावर आणि मूठ कानाच्या मागच्या हाडावर टेकवायला सांगितली. एकदम आतलं सगळं जवळ आलं. १८१६ साली पॅरिसात लाएनेक या डॉक्टरनं एका तरुण बाईच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला म्हणून कागदाची सुरळी केली, त्यातून स्टेथोस्कोप निघाला. उद्यमनगरात संकोचाचा प्रश्न नसला तरी यंत्र तेच.

चौथ्या सकाळी प्लगच्या वायरी. इंजिन चालू असताना एकेका सिलिंडरची वायर काढायची. ठिणगी गेली की त्या सिलिंडरात स्फोट होत नाही, तिथल्या भागांवर जोर येत नाही. पहिली काढली, आवाज तसाच. तिसरी काढली, तसाच. दुसरी काढली आणि खडखड जवळजवळ बसली.

न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात 'शेषवत्' अनुमानाचा एक अर्थ असा दिला आहे: जे जे संभवतं त्यातलं एकेक नाकारत जायचं, आणि जे उरतं ते स्वीकारायचं. गंमत म्हणजे त्याचं उदाहरणही आवाजाचंच आहे. शब्द, म्हणजे ध्वनी, हे द्रव्य की गुण की कर्म? द्रव्य नाही, कर्म नाही, म्हणून गुण. हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. वर्गात मात्र शेष नेहमी एकच उरतो. मिस्त्रींच्या पुढ्यात दोन उरले.

एक, पिस्टन. ॲल्युमिनिअमचा पिस्टन गार असताना थोडा आक्रसलेला असतो, जुन्या झिजलेल्या सिलिंडरात तो ढिला बसतो आणि भिंतीवर आपटतो. तापला की फुगतो, फट भरते, आवाज जातो. हा आजार नाही, म्हातारपण आहे. दोन, बिग एंड, म्हणजे पिस्टनचा कनेक्टिंग रॉड जिथं खालच्या दांड्याला धरतो तिथलं बेअरिंग. ते झिजलं असेल तर रॉड प्रत्येक फेरीला ठोके खातो, आणि एखाद्या दिवशी बेअरिंग जागीच धरतं किंवा रॉड तुटून इंजिनाच्या अंगाला भोक पाडतो. प्लगची वायर काढल्यावर दोन्ही आवाज बसतात. वायरीनं सिलिंडर सांगितला, दुखणं नाही सांगितलं.

"ऐंशी टक्के पिस्टन हाय," मिस्त्री म्हणाले. "तापल्यावर जातोय न्हवं आवाज. बिग एंडचा तापल्यावर वाढतो. पर रेस देऊन सोडली की मला बारीक ठोका लागतोय खालनं. एखादा. तेवढं मला पटंना झालंय."

"मग?"

"चेंबर उतरवायला लागंल. दोन दिवस. उघडलं की दिसतंय."

ऑइल चेंबर खाली उतरवलं की बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या खालून हातात येतात. वाटीचा वरचा थर राखाडी असतो. तो गेला असेल तर खालचं तांबं दिसायला लागतं. त्याला ना कान लागतो ना तर्कशास्त्र. शाळकरी पोरगंही सांगेल.

मी म्हटलं, "राहू दे. दोन दिवस गाडी अडकेल."

गाडी अडकल्यानं माझं काहीही अडणार नव्हतं. नवीन गाडी दारात आली होती. मिस्त्रींनी माझ्याकडं एकदा बघितलं, हात पुसले, आणि टॅपेटचे पैसे सांगितले.

रविवारी गिऱ्हाईक यायचं होतं. गगनबावडा तालुक्यातल्या एका शाळेवर असलेले तरुण शिक्षक; बायकोचं माहेर वैभववाडीकडं, म्हणजे करूळ घाट उतरून. मांडीवर मावेल एवढं मूल. हे सगळं त्यांनी फोनवरच सांगितलं होतं. ते अकराला येणार होते. मी साडेनऊला दही आणायला गाडी घेऊन बाहेर पडलो. दह्याचं दुकान चालत सात मिनिटांवर आहे. मी रंकाळ्याला एक फेरीही मारली.

ते आले तेव्हा इंजिन छान तापलेलं होतं. त्यांनी चावी फिरवली, गाडी शिवणयंत्रासारखी बोलली. एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "सर, गाडीत काही काम निघालंय का?"

मी म्हणालो, "नुकतीच मिस्त्रींना दाखवलीय. टॅपेट करून घेतलेत."

शब्दन् शब्द खरा. पंचेचाळीस हजारांना गाडी गेली. करारात जुन्या गाड्यांच्या व्यवहारातलं ठरलेलं वाक्य होतं, 'आहे त्या स्थितीत'. स्थिती काय आहे ते त्यात लिहायची पद्धत नसते.

मी खोटं बोललो का, हा प्रश्न मला नंतर फार दिवस पडला असं म्हणायचा मोह होतो, पण खरं तर तो प्रश्न सोपा आहे आणि मी त्यावर रेंगाळलो नाही. दही आणायला गाडी काढली तिथंच ते उत्तर आहे. खोटा शब्द न उच्चारताही खोटं बोलता येतं हे अश्वत्थामा नावाचा हत्ती मेल्यापासून आपल्याला ठाऊक आहे. मला सतावणारी गोष्ट त्याच्या तीन दिवस आधीची होती. चेंबर उघडू नका असं मी म्हणालो, ते वाक्य. त्यात खोटं काहीच नव्हतं. कुणाला फसवायला गिऱ्हाईक समोरही नव्हतं. तरीसुद्धा सगळ्या प्रकरणात तेच मला सर्वांत वाईट वाटतं, आणि ते तसं का वाटावं हे मला नीट मांडता येत नव्हतं.

विक्रेत्यानं किती सांगावं हा जुना वाद आहे. सिसेरोनं 'कर्तव्यांविषयी' या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात दोन स्टोइक विचारवंत समोरासमोर बसवले आहेत. घर विकणाऱ्याला घराचे दोष माहीत आहेत, घेणाऱ्याला नाहीत. बॅबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, कायद्यानं सांगायला लावलेलं सांगितलं आणि खोटं बोललं नाही की पुरे. न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्याहूनही हे वाईट, कारण इथं आपण माणसाला जाणूनबुजून चुकू देतो. सिसेरो शिष्याच्या बाजूनं जातो. वाचताना मी शिष्याच्याच बाजूचा. पण दोघांच्याही उदाहरणातला विक्रेता दोष जाणतो. मी जाणत नव्हतो. मिस्त्रीही जाणत नव्हते. वकिली करायची तर मी म्हणू शकतो की मी काहीच लपवलं नाही, लपवण्याजोगं ज्ञानच माझ्यापाशी नव्हतं. ते माझ्यापाशी येणार नाही एवढीच मी व्यवस्था केली.

याच्या अधिक जवळ जातो क्लिफर्ड. इंग्लंडातला हा गणिती १८७७ साली एका निबंधात एका जहाजमालकाची गोष्ट सांगतो. जहाज जुनं आहे, त्यातून परदेशी स्थायिक व्हायला निघालेली कुटुंबं जाणार आहेत. मालकाला शंका आहे, तपासणी करून घ्यावी का. मग तो मनाची समजूत घालतो: इतक्या सफरी झाल्या, इतकी वादळं पचवली, देव आहे. शंका मावळते, जहाज निघतं, बुडतं, मालक विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, तो दोषी आहे, त्याची श्रद्धा कितीही प्रामाणिक असली तरी, कारण हातातल्या पुराव्यावर तसं मानायचा त्याला अधिकार नव्हता. आणि जहाज सुखरूप पोचलं असतं तरी दोष तेवढाच. (क्लिफर्ड स्वतः १८७० साली सिसिलीजवळ जहाज फुटून वाचला होता. बुडणं त्यानं पुस्तकातून शिकलेलं नव्हतं.)

पण त्या मालकाला निदान समजूत घालावी लागली. मनाशी झगडून त्यानं शंका मारली. मी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. मी शंका ऐंशी-वीस अशी आहे तिथंच ठेवली, कारण तिथं ती सोयीची होती. उघडलं आणि राखाडी दिसलं तर दोन दिवसांची मजुरी फुकट. उघडलं आणि तांबं दिसलं तर एकतर हजारोंचं इंजिनकाम, नाहीतर गिऱ्हाईकाला सांगणं. न उघडता मात्र मी एकाच वेळी निष्पाप आणि फायद्यात राहत होतो. नैयायिकांच्या सोळा पदार्थांत संशय आहे आणि निर्णयही आहे. विचार सुरू होतो संशयापासून आणि थांबतो निर्णयावर. मधल्या स्टेशनावर उतरून घर बांधणाऱ्या माणसाची त्यांनी वेगळी गणती केलेली नाही.

यावर माझ्या एका सहकाऱ्यानं घेतलेला आक्षेप बिनतोड होता. तो म्हणाला, मग काय प्रत्येकानं जुना फ्रिज विकताना कॉम्प्रेसर फोडून बघायचा? शोधाला अंत नाही. चेंबर उघडलंस तर हेड का नाही उघडलंस? कुठंतरी थांबावंच लागतं, आणि थांबलास म्हणून गुन्हेगार होत नाहीस.

खरं आहे. त्यानं मला बरेच दिवस गप्प केलं. मग एकदा मुलगी नवीन गाडी घेऊन सावंतवाडीला जायला निघाली आणि मी तिला टायर, ब्रेक, कूलंट विचारत दारात उभा होतो, तेव्हा लक्षात आलं. तो जुना आवाज आणि तीच जुनी गाडी असती, आणि ही पोरगी करूळ घाट उतरणार असती, तर मी दोन दिवसांचा विचार केला असता का? वीस टक्के हा आकडा तोच राहिला असता. माझ्या मुलीसाठी तो फार मोठा होता आणि त्या शिक्षकाच्या बाळासाठी परवडण्यासारखा होता. थांबायचं कुठं हे मी पुराव्यावरून ठरवलंच नव्हतं, घाटात कोण असणार यावरून ठरवलं होतं.

आणि दुसरं, जे सहकाऱ्यालाही मान्य झालं: उघडणं हा काही एकच मार्ग नव्हता. मला एवढंच म्हणता आलं असतं की सकाळी गार असताना आवाज येतो, मिस्त्री म्हणतात बहुतेक पिस्टन, पण खात्री नाही, खात्रीला दोन दिवस लागतील. निर्णय नसेना का, संशय तर माझ्यापाशी होता, आणि तो जसाच्या तसा दुसऱ्याच्या हातात देता येतो. त्याची किंमत फार तर पाच हजार रुपये झाली असती. कदाचित काहीच झाली नसती.

मी फोन केला तो या सगळ्या विचारानंतर नव्हे. विकून पंधरा दिवस झाले असतील, सकाळी सातला नवीन गाडी सुरू केली आणि ती इतकी गप्प सुरू झाली की मला चैन पडेना. वर लिहिलेलं बरंचसं नंतर सुचलेलं आहे.

ते म्हणाले, "हो सर, आवाज येतो. दुसऱ्याच दिवशी आला."

अर्थात. गाडी गार होणारच होती. माझी सगळी व्यवस्था जेमतेम एका रात्रीपुरती होती, हे मला, तर्कशास्त्राच्या मास्तरला, सुचलं नव्हतं. त्यांनी मला फोन का केला नाही? "जुन्या गाडीत थोडं असतंच की सर. आणि तुम्ही सांगितलं होतं ना टॅपेट केलेत, ते मी इथल्या मेकॅनिकला सांगितलं. तो म्हणाला नीट लावले नसतील. त्यानं परत घट्ट केले. तरी येतोय."

इथं मात्र मला खरोखर घाम फुटला. टॅपेटची फट ढिली असली तर नुसती टकटक होते. ती नको इतकी घट्ट असली तर तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. त्या मेकॅनिकनं काही चूक केली नव्हती. त्याच्या हातात एक पुरावा आला होता, तो त्यानं वापरला. पुरावा माझा होता. गगनबावड्यातल्या त्या गॅरेजात मी हजर होतो, माझ्या त्या शब्दन् शब्द खऱ्या वाक्याच्या रूपानं, आणि निदान चुकवत होतो.

वात्स्यायनानं आप्ताची, म्हणजे ज्याचं बोलणं प्रमाण मानावं त्याची, व्याख्या केली आहे. त्यानं वस्तू स्वतः जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशी सांगायची त्याला इच्छा असावी. अशी व्यक्ती ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, व्याख्या सगळ्यांना सारखीच लागू, असंही तो पुढं म्हणतो. वर्गात मी नेहमी पहिल्या अटीवर तास घालवायचो. दुसरी अट आहे म्हणून सांगून पुढं जायचो. इच्छेत शिकवण्यासारखं काय आहे?

मी त्यांना सगळं सांगितलं. दही, रंकाळ्याची फेरी, चेंबर. पलीकडं थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. मग ते म्हणाले, "शनिवारी आणू का गाडी?" आवाजात राग होता की नाही ते मला ओळखता आलं नाही. मी खर्च माझा म्हणालो. ते "बघू" म्हणाले.

शुक्रवारी रात्रीच ते आले आणि गाडी उद्यमनगरात ठेवून पाहुण्यांकडं राहिले. सकाळी मिस्त्रींनी आधी टॅपेट बघितले. दोन व्हॉल्व्हमध्ये फीलर गेजचं सगळ्यात बारीक पातंही शिरेना. जळालेलं काही नव्हतं, पंधरवड्यातच आल्यामुळं. ते ढिले करून बसवले. मग खालून पाईप सोडवला, ऑइल काढलं, परातीतलं ऑइल उन्हात धरून चकाकी दिसते का ते बघितलं, आणि चेंबर उतरवलं. दुसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग खोललं. वाटी फडक्यानं पुसली आणि बोलल्याशिवाय माझ्या हातात दिली.

राखाडी. एकसारखी, मंद, ओरखडासुद्धा नाही.

शिक्षक हसले. "बघा सर, काही नव्हतंच. उगीच जिवाला लावून घेतलंत." माझ्या छातीतून जे काही खाली उतरलं ते इतकं सुखाचं होतं की मला त्याचा लगेच संशय आला. पंधरा दिवसांपूर्वीही वाटी अशीच राखाडी होती. मी काही ती राखाडी केली नव्हती.

मिस्त्री वाटी परत घेऊन तिला ऑइलचं बोट फिरवत होते. "पिस्टनच हाय. वाजू द्या." मग बोल्ट आवळता आवळता, माझ्याकडं न बघता, "आवं, मग त्या दिवशी का उघडू दिलं न्हाईसा?"

शिक्षक तिथंच उभे होते. त्यांना कारण माहीत होतं, मीच फोनवर सांगितलं होतं. तरी ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी ते मिस्त्रींनाही सांगितलं. त्यांनी मान हलवली, पाना बदलला आणि पोराला चहा आणायला पाठवलं.

बिल मी दिलं. चेंबरला लावलेला सिलंट वाळायला रात्र लागणार होती, म्हणून गाडी तिथंच राहिली आणि त्यांना सीबीएस स्टँडवरून गगनबावड्याची एस.टी. धरावी लागली. मी सोडायला गेलो. गर्दी होती, खिडकी मिळाली नाही. रविवारी ते पुन्हा येऊन गाडी घेऊन गेले. तेव्हा मी गेलो नाही.